वाळूवर कलंडलेली तटबंदी

"मामा, समुद्र बघायला तू रत्नागिरीहून फ्रान्सला आलास?"

भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. तो तुलूजला विमानाच्या कारखान्यात नोकरीला. तीन वर्षं 'ये, ये' म्हणून मागे लागला होता. मी येऊन पॅरिसला टॉवरपाशी फोटो काढीन, एखादा राजवाडा बघीन, चीज खाऊन पोट बिघडवून घेईन असा त्याचा अंदाज. मी मात्र वहीतून नकाशा काढून त्याच्यापुढे ठेवला. बोर्दोच्या पश्चिमेचा, जिराँद नदीच्या मुखापर्यंतचा अटलांटिक किनारा, आणि मधोमध एका गावाभोवती लाल पेनाने गोल.

"लकानो? तिथे सर्फिंग करतात. तुझं वय बासष्ट आहे."

माझी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात गेली आणि रविवार गेले किल्ल्यांवर. काँक्रीट आणि तटबंदी या दोन गोष्टी मला कळतात, निदान कळतात असं वाटतं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत बांधलेली 'अटलांटिक वॉल' एकदा हाताने चाचपून बघायची होती. नॉर्मंडीला सगळं जग जातं. मला हाच तुकडा हवा होता, कारण इथे पहाऱ्यावर काही काळ आपली माणसं उभी होती. पण ते लकानोला पोचल्यावर सांगतो.

पहिला दिवस: बोर्दो

सप्टेंबरचा शेवट. सकाळी तुलूजहून निघून दुपारी बोर्दो. दारूच्या दुकानांवरून नजर काढून ट्राम पकडली आणि बाकालां भागात उतरलो. समोर जे दिसलं त्याला इमारत म्हणवत नाही. खिडक्या नाहीत, नक्षी नाही, राखाडी काँक्रीटचा एक डोंगर गोदीच्या पाण्यात पाय सोडून बसलेला. हा पाणबुड्यांचा तळ. १९४० मध्ये इथे आधी इटालियन नौदल आलं. त्यांनी ठिकाणाला नाव दिलं 'बेतासोम': बेता म्हणजे बोर्दोचा ब आणि सोम म्हणजे पाणबुडीच्या इटालियन शब्दातली पहिली अक्षरं. मग १९४१ ते १९४३ मध्ये जर्मनांनी अकरा गाळ्यांचा हा तळ उठवला.

काँक्रीट सहा लाख घनमीटर. ही संख्या वाचून माझं डोकं आपोआप हिशोबाला लागलं. ट्रान्झिट मिक्सरची एक गाडी सहा घनमीटरची धरली तर एक लाख खेपा. आणि त्या काळी अशा गाड्या नव्हत्याच. हात होते. त्यातले बरेचसे हात फ्रांकोच्या राजवटीतून पळून फ्रान्समध्ये आलेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्यांचे. एका हुकूमशहापासून सुटले आणि दुसऱ्याच्या सेंट्रिंगवर घमेली वाहायला लागले. त्यांचं स्मारक बाहेर आहे. येणारे बहुतेक लोक त्याच्या शेजारून तिकिटाच्या रांगेकडे जातात, कारण २०२० पासून चार गाळ्यांमध्ये प्रकाशचित्रांचा खेळ चालतो. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं भिंतींवर आणि खालच्या काळ्या पाण्यावर नाचतात, वर संगीत. पोरांना मजा येते. खरं सांगायचं तर मलाही आली. पण मी मधूनमधून चित्राऐवजी भिंतीवरच्या शटरिंगच्या फळ्यांचे ठसे बघत होतो. ऐंशी वर्षांनंतरही लाकडाची शीर न् शीर उमटलेली दिसते.

या गोदीचा आपल्याशी एक धागा आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले. एप्रिलअखेर मादागास्करच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून ते जपानी पाणबुडीवर गेले. एवढं आपण शाळेत वाचतो. पुढे त्या पाणबुडीचं काय झालं ते मात्र कोणी सांगत नाही. ती माघारी वळली आणि जुलैमध्ये आली ती इथे, बोर्दोला. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांची पळापळ सुरू झाल्यावर इथूनच बाहेर पडली आणि बिस्केच्या उपसागरात सगळ्या खलाशांसह बुडाली.

भाचा रेलिंगला टेकून पाण्याकडे बघत राहिला. "हे आधी सांगायचंस ना," एवढंच म्हणाला.

दुसरा दिवस: काप फेरे

आर्काशाँच्या खाडीच्या तोंडाशी जमिनीची एक लांब जीभ आहे, तिचं टोक म्हणजे काप फेरे. एका बाजूला शांत खाडी आणि कालवांची शेती, दुसऱ्या बाजूला धडधडता अटलांटिक. गाडी लावून टेकाडावरून वाळूत उतरलो आणि तिथेच थबकलो.

बुरूज पाण्यात पडलेले.

एक काँक्रीटची खोली कुशीवर झोपलेली, एक तोंडावर पालथी, एकीचं फक्त छप्पर वर आणि त्यावर पांढरे समुद्रपक्षी. सगळ्यांवर निळी-गुलाबी चित्रं फवारलेली. इथे तोफखाना होता. बांधला तेव्हा तो उंच वाळूच्या टेकड्यांवर, पाण्यापासून बराच आत होता. बांधकाम जागच्या जागी राहिलं आणि किनाराच त्याच्या पायाखालून मागे सरकला. पाया वाळूचा. वाळू गेली की दोन मीटर जाडीच्या भिंतीचं वजन हेच तिचं मरण. वाचकहो, दोन मीटर! आपल्या घराचा स्लॅब पाच इंची असतो आणि त्यावर आपण टाकी ठेवतो.

आमच्या खात्यात 'टाइप प्लॅन' असायचे. शाळेच्या दोन खोल्या, आरोग्य केंद्र, कर्मचारी निवास. नकाशा तयार, गाव कुठलंही असो. जर्मनांचंही अगदी तसंच. 'रेगेलबाउ' म्हणजे नेमून दिलेलं बांधकाम. प्रत्येक नमुन्याला क्रमांक: तोफेची कोठी, दहा माणसांची निवाऱ्याची खोली, दारूकोठार, दवाखाना. २३ मार्च १९४२ ला हिटलरने किनारा बांधून काढायचा हुकूम काढला. त्याच वर्षी पंधरा हजार बांधकामांचं उद्दिष्ट ठरलं आणि मुदत दिली पुढच्या मे महिन्याची. अशी मुदत वरून आली की खाली काय होतं हे मला विचारा. 'टोट' या नाझींच्या बांधकाम संघटनेने काम घेतलं आणि प्रत्यक्षात ते कितीतरी ठिकाणी फ्रेंच ठेकेदारांनी केलं. बिलं निघाली. युद्धानंतर त्याबद्दल फार कोणी मोठ्याने बोललं नाही.

ओहोटी होती म्हणून एका कलंडलेल्या कोठीत शिरलो. आणि आत गेल्यावर हसूच आलं. दार सरळ नाही! बाहेरून आत येताना वाट काटकोनात वळते, आणि वळल्याबरोबर समोरच्या भिंतीत बंदुकीसाठी एक भोक. म्हणजे आत शिरलेला माणूस बरोबर नळीपुढे. हा आपला गोमुखी दरवाजा! बाजूला पहारेकऱ्यांची देवडी, भिंतीत जंगी. आणि मागच्या अंगाला विटांनी बांधलेली एक उभी, चिंचोळी वाट, संकटात वर निघायला. तिला चोरदिंडी म्हणायला काय हरकत आहे? तोफेच्या तोंडाशी मात्र आपल्याकडे नसलेली एक युक्ती दिसली. झरोक्याच्या कडा उतरत्या ठेवण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांच्या केल्या आहेत. उतार असता तर शत्रूची गोळी घसरत आत आली असती, पायरीवर ती अडते.

हे सगळं मी भाच्याला तिरक्या जमिनीवर एका हाताने भिंत धरून समजावत होतो. तेवढ्यात पायाला गार लागलं. भरती. कोकणातला माणूस, आणि भरतीची वेळ न बघता भोकात शिरला! गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो, शेवाळ्यावर घसरलो, पँट ढोपरावर फाटली. वरून जाणाऱ्या जीवरक्षक पोराने भाच्याला चार शब्द सुनावले. ते फ्रेंचमध्ये होते, तरी मला पुरते कळले. या किनाऱ्यावर पाण्याखाली वाळूत खोलगट डबकी होतात, त्यांना 'बाइन' म्हणतात. पाणी उतरताना त्यांतून अशी ओढ लागते की चांगले पोहणारे आत जातात.

पँट वाळेपर्यंत दीपगृहाच्या २५८ पायऱ्या चढलो. जुनं दीपगृह जर्मनांनी जाताना, ऑगस्ट १९४४ मध्ये, उडवून दिलं, हे युद्धानंतरचं. वरून खाडीपलीकडे पिलाची टेकडी दिसते. नुसत्या वाळूची, शंभर मीटरच्या आसपास उंच, पिवळीधमक. तिच्या माथ्यावरचे बंकरही असेच घसरत घसरत पायथ्याच्या पुळणीवर आले आहेत.

रात्री कालवं खाल्ली. कच्ची, लिंबू पिळून. आईला हे कळलं असतं तर तिने घरात घेतलं नसतं. तिच्या मते कालवं म्हणजे कांदाखोबऱ्याचं वाटण लावून, नाहीतर नाही.

तिसरा दिवस: लकानो

वाटेत मैलोन्मैल पाइनचं जंगल. झाडं सरळ रांगेत, कारण ती लावलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात इथली फिरती वाळू थोपवायला हा सगळा प्रदेश झाडांनी बांधून काढला. वाळूशी या लोकांचं भांडण जुनं आहे.

लकानो म्हणजे लाटांवर फळ्या घेऊन पळणारी पोरं, पिझ्झा, ओले पोशाख वाळत घातलेली घरं. पर्यटन कार्यालयातल्या बाईला भाच्याने माझा प्रश्न भाषांतर करून विचारला. ती क्षणभर गोंधळली आणि मग म्हणाली, "आ, ले झँदू!" म्हणजे 'ते हिंदू'. या देशात जुने लोक भारतातल्या कोणालाही हिंदूच म्हणतात, मग तो शीख असो की मुसलमान. तिने नकाशावर उत्तरेकडच्या टेकड्यांवर पेनाने दोन फुल्या मारल्या. पाटी वगैरे काही नाही, असंही सांगितलं.

गोष्ट अशी. उत्तर आफ्रिकेत जर्मन-इटालियन फौजांच्या हाती लागलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून नेताजींनी जर्मनीत एक फौज उभी केली, 'फ्रायेस इंडियन', स्वतंत्र हिंदुस्थानची फौज. दंडावर तिरंगा आणि त्यावर झेप घेणारा वाघ. जर्मन कागदोपत्री ती ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट, अडीच-तीन हजार माणसांची. ब्रिटिशांच्या सैन्यात जातवार पलटणी. इथे मुद्दाम शीख, मुसलमान, राजपूत, मराठा, गढवाली एकत्र. 'जय हिंद' हा रामरामाचा शब्द तिथलाच. ही माणसं घराकडे जायला म्हणून भरती झाली होती. पण रशियातून हिंदुस्थानात शिरण्याचा बेत स्टालिनग्राडला जर्मन हरल्यावर संपला, आणि नेताजी पाणबुडीने पूर्वेला गेले. मागे उरलेल्या फौजेला आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर आणि १९४३ च्या शरदात इथे, लकानोला, अटलांटिकच्या भिंतीवर पहाऱ्याला आणून बसवलं. समोर शत्रू नाही, नुसता समुद्र. ज्या साहेबाशी लढायचं तो हजारो मैल दूर दिल्लीत.

दुपारच्या उन्हात टेकडीवर चढलो. खुरटं गवत, काटेरी झुडपं, आणि एका खळग्यात वाळूतून वर आलेलं गोल तोंड. विहिरीच्या कठड्यासारखं, जेमतेम एक माणूस खांद्यापर्यंत मावेल एवढं. बाकी सगळं जमिनीखाली. हा या तटबंदीतला सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त वेळा बांधलेला नमुना. त्याला म्हणतात 'टोब्रुक'. लिबियातल्या टोब्रुकच्या तटबंदीत इटालियनांनी असे गोल खड्डे केले होते, ते जर्मनांना आवडले आणि नाव तेच राहिलं.

टोब्रुक. मी कडेवर बसलो आणि पाय आत सोडले.

२१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती, ती कैद झाली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं. टोब्रुक घेतल्याबद्दल जर्मन सेनापती रोमेल दुसऱ्याच दिवशी फील्डमार्शल झाला. आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तोच रोमेल, आता अटलांटिकच्या तटबंदीचा तपासनीस, या फौजेची पाहणी करायला आला. फोटो आहे त्याचा. रोमेल आपल्या नेहमीच्या जाड कोटात, आणि समोर फेटा बांधलेले, जर्मन गणवेशातले आपले जवान.

भाच्याने विचारलं, "मग हे आपले हिरो की…?" वाक्य त्याने अर्धवट सोडलं.

सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. १० जुलै १९४४ ला, ही माणसं या टेकड्यांवर पहारा देत होती तेव्हा, माणगावजवळच्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे इटलीत जर्मनांच्या मशीनगनवर एकटा धावून गेला आणि पडला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावला त्याचा पुतळा आहे, गोव्याच्या रस्त्याने जाताना मी कितीदा पाहिलाय. आणि महिन्याभराने, ऑगस्टच्या मध्यावर, लकानोची फौज पायी आणि गाड्यांतून जर्मनीकडे निघाली. तोपर्यंत तिला वाफेन एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या ताब्यात दिलेलं होतं. वाटेत फ्रेंच क्रांतिकारकांचे हल्ले झाले, माणसं मेली. त्या वाटेवरच्या फ्रेंच गावांनी या फौजेवर अत्याचारांचे आरोप केले, तेही खरं. घरी जायला निघालेली माणसं कुठे कुठे पोचली! मी त्याला एवढंच म्हटलं की या खड्ड्यात उभा राहून बघ, काय दिसतं.

तो उतरला. खांद्यापर्यंत गेला. "पाणी," म्हणाला. "नुसतं पाणी दिसतं."

चौथा दिवस: सुलाक आणि टोक

सुलाक-सुर-मेर हे मेदोक भागाच्या टोकाकडचं टुमदार गाव. इथलं बाराव्या शतकातलं चर्च एकदा वाळूखाली गडप झालं होतं, मग उकरून काढलं. आणि याच गावात समुद्राकाठी 'ल सिन्याल' नावाची फ्लॅटची इमारत होती. १९६७ मध्ये बांधली तेव्हा पाणी दोनशे मीटर दूर. २०१४ च्या हिवाळ्यातल्या वादळांनंतर सगळी बिऱ्हाडं बाहेर काढली, २०२३ मध्ये ती पाडली. आम्ही गेलो तेव्हा तिथे नुसती वाळू आणि गवत. तिथे उभं राहिल्यावर मला काप फेरेचं कोडं उरलं नाही. बंकर हे या किनाऱ्यावरचे मोजपट्टीचे दगड आहेत, एवढंच. ते हललेले नाहीत म्हणून समुद्र किती चालून आला ते कळतं.

गावाच्या दक्षिणेला लेझारोचा तोफखाना. इथे स्वयंसेवकांची एक संस्था वाळू उपसून कोठ्या मोकळ्या करते आणि लोकांना फिरवून आणते. आमचे वाटाडे सत्तरीतले गृहस्थ, हातात टॉर्च, पायात गमबूट. गडावर झाडलोट करायला येणारी आपली मंडळी असतात ना, हुबेहूब तीच जात. मी भिंतीवर थाप मारून 'एकदम सलग ओतलंय, जोड दिसत नाही' असं भाच्याकरवी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग अर्धा तास इतर पर्यटक ताटकळले. त्यांनी मला हवा शुद्ध करायच्या यंत्राची नळी शिरायची जागा, जाड पोलादी दाराच्या बिजागऱ्या, निर्देशन कोठीतून तोफांकडे जाणाऱ्या तारांचे मार्ग असं सगळं दाखवलं. मी त्यांना फोनवर सिंधुदुर्ग दाखवला आणि पायात शिसं ओतलंय म्हणून सांगितलं. "शिसं? समुद्रात?" त्यांनी दोनदा विचारलं. गंजलेल्या सळईने फुगून उडवलेला काँक्रीटचा पापुद्रा त्यांनी बोटाने दाखवला आणि खांदे उडवले. खारी हवा सळईपर्यंत पोचली की कोणाचंच काही चालत नाही, हे आम्हा दोघांनाही दुभाष्याशिवाय कळत होतं.

संध्याकाळी पॉइंत द ग्राव्ह, जिथे जमीन संपते. समोर समुद्रात कोर्दुआँचं दीपगृह, १६११ पासूनचं. हे टोक आणि पलीकडचं रुआयाँ म्हणजे जिराँदच्या तोंडावरचे दोन बुरूज. ऑगस्ट १९४४ अखेर बोर्दो मोकळं झालं, पण या दोन्ही ठाण्यांतल्या जर्मन फौजा हलल्या नाहीत. नदीचं तोंड बंद, म्हणून बंदर हातात असून निरुपयोगी. हे ठाणं २० एप्रिल १९४५ ला पडलं, युरोपातलं युद्ध संपायला तीन आठवडेही नव्हते तेव्हा.

त्याच्याही आधीची एक गोष्ट इथे दगडात कोरली आहे. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्री एका ब्रिटिश पाणबुडीने दहा सैनिक पाच होड्यांत या पाण्यात सोडले. घडीच्या, कापडी अंगाच्या होड्या! रात्री वल्हवायचं, दिवसा काठावरच्या लव्हाळ्यात लपायचं. त्यांतल्या दोन होड्या बोर्दोपर्यंत पोचल्या आणि जहाजांना सुरुंग चिकटवले. दहांतले दोघेच जिवंत परतले. इतका सगळा किनारा तोफांनी बांधून काढलेला, आणि आत शिरले ते वल्हं मारत. किल्ले हिंडणाऱ्या माणसाला याचं नवल वाटत नाही. कडा चढून वर येणारे मावळे असतातच.

पाचवा दिवस: रुआयाँ

सकाळच्या फेरीबोटीने नदी ओलांडली, अर्ध्या तासाच्या आत पलीकडे. रुआयाँ हे जुनं हौसेचं सुट्टीचं गाव होतं. ५ जानेवारी १९४५ च्या पहाटे ब्रिटिश विमानांनी ते जवळजवळ पुसून टाकलं. मेले ते बहुतेक गावातले फ्रेंच नागरिक. जर्मनांच्या कोठ्यांना दोन मीटरचं छप्पर होतं. एप्रिलमध्ये अमेरिकन विमानांनी इथेच नेपाम हे चिकटून जळणारं इंधनही टाकलं.

मग पन्नाशीच्या दशकात गाव पुन्हा बांधलं, आणि पुन्हा काँक्रीटमध्येच. चर्च बघितलं: उंच, कडक, आत मात्र रंगीत काचांतून प्रकाश. त्याच्याही काँक्रीटची खाऱ्या हवेने दुरुस्ती काढली आहे, परांची होतीच.

पण मी अडकलो मंडईत. गोल इमारत, आत एकही खांब नाही. शिंपल्याला पडतात तशा घड्या घातलेलं काँक्रीटचं छप्पर, पन्नास मीटरच्या वर पसरलेलं आणि जाडीला जेमतेम चार इंच. चार दिवस दोन-दोन मीटरच्या भिंती हाताने मोजल्यानंतर मी त्या छपराखाली मान वर करून उभाच राहिलो. घड्या कुठे सुरू होतात, भार कुठून खाली उतरतो, कडेला किती सळई असेल, असं मनाशी चाललं होतं. भाचा मासे बघायला गेला.

मान खाली केली तेव्हा समोरच्या गाळ्यावरची बाई गुलाबी मुळ्यांची जुडी माझ्यापुढे धरून उभी होती. बराच वेळ धरली असावी. घेतली.